वाचकांचे प्रश्न : नंबराचा चष्मा आणि बर्फावरचा गॉगल

हिवाळा लागला की गुलमर्ग आणि औलीच्या बुकिंगबरोबर एक प्रश्न हटकून येतो. डोळ्यांना नंबर आहे, मग बर्फात काय घालायचं? यंदा आलेल्या पत्रांतून वेगवेगळ्या अडचणींचे प्रश्न निवडले आहेत.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपण मराठीत ज्याला गॉगल म्हणतो, तो उन्हाचा चष्मा. स्कीइंगला लागतो तो स्की-गॉगल. त्याला काड्या नसतात. कडेचा फोम चेहऱ्याला लागून बसतो, मागे रुंद इलॅस्टिकचा पट्टा असतो आणि तो हेल्मेटवरून जातो. पुढे नुसतं ‘गॉगल’ लिहिलं असेल तिथे हाच समजावा. याच्या आत चष्मा मावावा म्हणून खोल बनवलेल्या गॉगलला दुकानात ‘ओटीजी’ म्हणतात.

प्रश्न : दोन्ही डोळ्यांना उणे ४.५० नंबर आहे, उजव्याला वर १.२५ सिलिंडर (बुबुळाच्या असमान गोलाईचा नंबर). फेब्रुवारीत औलीला सात दिवसांच्या स्कीइंग कोर्सला जातो आहे. ओटीजी गॉगल घेऊन आत चष्मा घालू, की कॉन्टॅक्ट लेन्स लावू? (पुणे)

उत्तर : डोळ्यांना लेन्स सोसत असतील तर रोज नवी लावून रात्री टाकून द्यायची, अशी डेली लेन्स घ्या. गॉगल मात्र ओटीजीच घ्या. दोन्ही का, ते सांगतो.

लेन्स लावली की गॉगलच्या आत वाफ धरणारी जास्तीची काच राहत नाही आणि नजरेच्या कडाही मोकळ्या राहतात. कोर्समध्ये दिवसातून पाच-पंचवीस वेळा पडायचं असतं, तेव्हा नाकावर दाबणारं काही नसलेलं बरं. पण लेन्स कधी निघून पडते, कधी डोळा लाल होतो आणि एखाद्या सकाळी ती लावावीशीच वाटत नाही. त्या दिवशी चष्मा घालावा लागेल आणि साध्या गॉगलमध्ये तो मावणार नाही. ओटीजी घेतला की एकाच गॉगलमध्ये दोन्ही सोयी होतात.

लेन्सचा नंबर चष्म्याचा नसतो. चष्म्याची काच बुबुळापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते आणि लेन्स बुबुळावरच बसते, म्हणून उणे ४.५० चा चष्मा असेल तर लेन्स उणे ४.२५ च्या आसपास येते. उजव्या डोळ्याला टोरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबरही असलेली लेन्स लागेल. हे माप ऑप्टोमेट्रिस्टकडूनच घ्या आणि निघण्याआधी किमान दोन आठवडे घरी लावायचा सराव करा. लेन्स लावायचा पहिला धडा औलीच्या थंडीत, सुन्न बोटांनी गिरवू नका.

तिथे गेल्यावर क्रम असा ठेवा. साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडे करा, आधी लेन्स लावा आणि मगच तोंडाला सनस्क्रीन चोळा. उलटं केलंत तर बोटांवरचं क्रीम लेन्सवर जातं आणि दिवसभर डोळा चुरचुरतो. हॉटेलच्या नळाचं पाणी लेन्सला लागू देऊ नका. त्यातल्या अमीबामुळे बुबुळाला होणारा संसर्ग फार वाईट असतो. लेन्स लावून झोपायचं नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही. बर्फाळ हवा कोरडी असते, त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या, एकदा वापरून टाकायच्या ड्रॉप्सच्या छोट्या कुप्या जवळ ठेवा. कुप्या आणि दोन जादा लेन्स जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा, कारण बाहेरच्या खिशात द्रव गोठतो. डोळ्यावरची लेन्स गोठेल अशी भीती अनेकांना असते. ती बाळगू नका, डोळ्याची ऊब तिला पुरते.

आता गॉगलची पारख. दुकानात जाताना स्वतःचा चष्मा आणि जमलं तर हेल्मेटही न्या. चष्म्याच्या काडीच्या आत ५२, १८, १४० असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी. आपल्याला हवं ते माप त्यात नसतं, ते पट्टीने घ्यावं लागतं. एका बिजागरीच्या बाहेरच्या कडेपासून दुसरीपर्यंत फ्रेमची रुंदी, आणि काचेची उंची. रुंदी १४० मिलिमीटरच्या वर गेली की बऱ्याच ओटीजी गॉगलांत फ्रेम कडेला घासू लागते. हल्ली फॅशनमध्ये असलेल्या मोठ्या चौकोनी फ्रेमा इथेच अडतात. स्कीइंगसाठी जुनी, लहान, बारीक सरळ काड्यांची फ्रेम शोधून त्यात चालू नंबराच्या पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या काचा बसवून घ्या. पडल्यावर तुकडे होऊ शकतील अशी खरी काच डोळ्यासमोर नको.

चष्मा घालून गॉगल समोरून, खालून वर सरकवत चढवा आणि वर हेल्मेट घाला. मग गॉगलच्या पुढच्या काचेवर मधोमध बोटाने हलकेच टिचकी मारा. आतून ‘टक्’ असा आवाज आला, तर चष्मा काचेला टेकतो आहे. तो गॉगल परत ठेवा. टेकणारा चष्मा गॉगलच्या आतला, वाफ धरू न देणारा नाजूक थर दोन दिवसांत खरवडून काढतो आणि पडलात तर गॉगलला बसलेला दणका थेट नाकावर येतो. आवाज नाही आला तर मान जोरात हलवून पुन्हा पाहा. काड्या जातात तिथे फोममध्ये खाच असते. खाचेतून काडी नीट गेली नाही तर फोम उचलला जातो आणि उतारावर वेगात असताना त्या फटीतून वारा शिरून डोळ्यांना पाणी येतं. शेवटी सगळं घालून दहा मिनिटं दुकानात फिरा. हेल्मेटच्या आतलं अस्तर कानावरच्या काडीला दाबत असेल, तर ते पाचव्या-सहाव्या मिनिटाला कळतं. पहिल्या मिनिटाला सगळंच छान वाटतं.

प्रश्न : चांगला दुहेरी काचेचा ओटीजी गॉगल घेतला होता. तरी गुलमर्गला दुसऱ्या फेरीतच सगळं पांढरं झालं, तेही गॉगलवर नाही, आतल्या चष्म्यावर. गॉगल खराब निघाला का? (नाशिक)

उत्तर : बहुधा नाही. वाफ चष्म्यावर धरली, हे तुम्ही नेमकं पाहिलंत. पुढचं सगळं त्यावरूनच कळतं.

गॉगलच्या दोन काचांमध्ये हवेचा थर असतो. बाहेरची काच बर्फासारखी गार पडली तरी आतली त्यामानाने कोमट राहते. आतल्या काचेला पाणी शोषून घेणारा एक थरही दिलेला असतो, म्हणून तिच्यावर थेंब जमत नाहीत. तुमच्या चष्म्याला यातलं काहीच नाही. एकच पातळ काच, समोर गॉगलची बंद हवा, मागे तुमचा गरम, घामेजलेला चेहरा. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर येते तीच ही वाफ. दमट हवेला गार पृष्ठभाग भेटला की पाणी बसणारच. तेव्हा उपाय दोनच: आत जाणारी वाफ कमी करायची आणि आलेली बाहेर जाऊ द्यायची.

सगळ्यात मोठी चूक तोंडावरच्या कापडाची. माकडटोपी, मफलर किंवा गळ्यातला बफ नाकावर ओढायचा आणि त्याची वरची कड गॉगलच्या फोमखाली खोचायची. ऊब मिळते खरी, पण प्रत्येक उच्छ्वास त्या कापडाच्या बोगद्यातून सरळ गॉगलमध्ये जातो. कापड नाकाच्या शेंड्याखाली ठेवा, गॉगल नाकावर उघड्या कातडीला लागू द्या. नाक फारच गारठत असेल तर तोंडापाशी भोकं असलेला फेस-मास्क घ्या, म्हणजे श्वास पुढे जातो.

दुसरी चूक गोंडोलाच्या, म्हणजे वर नेणाऱ्या रोपवेच्या रांगेत होते. गॉगल काढून कपाळावर किंवा टोपीवर ढकलायचा. डोक्यातून निघणारी सगळी वाफ मग त्या वाटीत जमा होते, आणि उतरायला लागताना आपण तीच डोळ्यांवर ओढून घेतो. गॉगल एक तर डोळ्यांवर असावा, नाही तर मऊ पिशवीत घालून जॅकेटमध्ये. हेल्मेटवर ठेवायचा झाला तर ताजा बर्फ पडत नसताना, आणि हेल्मेटची झरोक्यांची जागा सोडून.

तिसरी चूक कपड्यांची. थर्मल, स्वेटर, जाड जॅकेट एवढं घालून खांद्यावर स्की घेऊन चढ चढला की वर पोचेपर्यंत माणूस घामाने निथळतो. त्या अवस्थेत गॉगल चढवू नका. जॅकेटची चेन उघडा, दोन-तीन मिनिटं थांबा, कपाळ पुसा आणि मग घाला. चष्माही तोवर नाकावरच असू द्या, म्हणजे तो चेहऱ्याच्या उबेला येतो. बाहेरच्या खिशातला बर्फगार चष्मा काढून थेट गॉगलमध्ये घातला तर पहिल्या श्वासाला पांढरा होतो.

वाफ धरलीच तर आतून पुसू नका. आतल्या काचेवरचा पाणी शोषणारा थर ओला झाला की मऊ पडतो आणि हातमोज्याच्या एका फेऱ्यात कायमचा उखडतो. तिथून पुढे तो गॉगल त्याच जागी रोज धुरकट होणार. उताराच्या कडेला थांबा, गॉगल चेहऱ्यापासून दोन बोटं पुढे ओढून अर्धा मिनिट धरा, कोरडी गार हवा वाफ ओढून नेते. पडल्यावर आत बर्फ गेला असेल तर गॉगल झटका, मऊ कोरड्या कापडाने नुसतं टिपा. वरच्या-खालच्या कडेच्या झरोक्यांत बर्फ अडकला असेल तो नखाने काढा. झरोके बुजले की कितीही महाग गॉगल असो, तो बंद डबाच.

चष्म्यासाठी ऑप्टिशियनकडे फॉगविरोधी वाइप किंवा द्रव मिळतो. आदल्या रात्री काचा सौम्य लिक्विड सोपने धुऊन, कोरड्या करून, दोन्ही बाजूंना पातळ थर लावा. तेलकट काचेवर तो टिकत नाही, म्हणून आधी धुणं महत्त्वाचं. हा द्रव गॉगलच्या आतल्या काचेला लावू नका, बनवणाऱ्याने तसं सांगितलं असेल तरच लावा. टूथपेस्टचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती काच घासते.

रात्री ओला गॉगल बुखारीवर (खोली तापवायच्या शेगडीवर) किंवा हीटरच्या तोंडाशी ठेवायचा मोह होतो. तापल्यावर दोन काचांना जोडणारी पट्टी सुटते, मधल्या पोकळीत ओल शिरते आणि मग वाफ दोन काचांच्या मध्येच धरते. तिथे कापड पोचत नाही आणि तो गॉगल संपला. फोमची बाजू वर करून, डब्यातून बाहेर, खोलीच्या साध्या हवेत रात्रभर ठेवा.

प्रश्न : नंबर उणे ७.५०. कॉन्टॅक्ट लेन्स सोसत नाहीत. इथे सगळे गॉगलच्या आत बसणारी नंबराची क्लिप सुचवतात. घ्यावी का? (झुरिक)

उत्तर : तुमच्यासारख्यांसाठीच ती आहे, पण चष्म्याचा कागद जसाच्या तसा देऊन बनवू नका.

क्लिप डोळ्यापासून चष्म्यापेक्षा लांब बसते. समजा चष्मा १२ मिलिमीटरवर आहे आणि क्लिप २० वर. उणे ७.५० च्या माणसाला तेवढंच स्वच्छ दिसायला तिथे जवळजवळ उणे ८.०० लागतात. नंबर उणे दोनच असता तर हा फरक नगण्य होता, तुमच्याकडे तो अर्ध्या नंबराचा आहे. तेव्हा गॉगल आणि रिकामी क्लिप घेऊन ऑप्टिशियनकडे जा, गॉगल चेहऱ्यावर चढवून अंतर मोजून घ्या आणि त्यावरून नंबर बदलून मागा.

दुसरं माप पीडीचं, म्हणजे दोन बाहुल्यांमधल्या अंतराचं. कुठल्याही गॉगलमध्ये नुसती वाकवून अडकवायची जी युनिव्हर्सल क्लिप मिळते, ती पडल्यावर सरकते. उणे आठच्या काचेचा मध्य ३ मिलिमीटर सरकला तर २.४ प्रिझमचा (काच प्रतिमा बाजूला सरकवते त्याचं माप) खेच पडतो. डोकं जड होतं, उताराचा अंदाज चुकतो, आणि दोष मात्र उंचीला किंवा थकव्याला दिला जातो. म्हणून ज्या कंपनीचा गॉगल, तिचीच खाचेत बसणारी क्लिप मिळत असेल तर ती घ्या. मात्र बऱ्याच क्लिपना नंबराची मर्यादा असते. गॉगलचे पैसे देण्याआधी तुमचा नंबर त्यात बसतो का, ते विचारून घ्या.

जाड नंबराच्या काचेची कड जाड असते आणि ती पुढे गॉगलला घासू शकते. क्लिपची काच जितकी लहान, तितकी कड पातळ. मोठ्या काचेची हौस इथे सोडा. क्लिपलाही वाफ धरते, चष्म्याइतकीच. फॉगविरोधी थर करून घ्या, आणि संध्याकाळी क्लिप काढून वेगळी वाळवा, नाही तर तिच्यामागे अडकलेली ओल सकाळपर्यंत तिथेच असते.

प्रश्न : वय ४७, प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) आहे. तोच आत घालून चालेल ना? (ठाणे)

उत्तर : नको. प्रोग्रेसिव्हचा खालचा भाग वाचायचा असतो, आणि स्कीइंग करताना नजर नेमकी खालच्या भागातून, स्कीच्या टोकांपुढच्या बर्फावर जाते. तिथला खळगा, बर्फाचा कडक पट्टा, दुसऱ्याच्या स्कीने पाडलेली चर, सगळं धूसर आणि किंचित उचललेलं दिसतं. नव्या प्रोग्रेसिव्हने जिना उतरताना पाय चाचपडतो, तीच गोष्ट इथे वेगात होते. नुसत्या लांबच्या नंबराची साधी काच लहान फ्रेममध्ये करून घ्या. मोबाइल आणि तिकिटासाठी चाळिशीचा घडीचा चष्मा खिशात ठेवा.

प्रश्न : माझ्या चष्म्याच्या काचा उन्हात काळ्या होतात. मग वर पारदर्शक काचेचा गॉगल घेतला तर पैसे वाचतील का? (कोल्हापूर)

उत्तर : वाचणार नाहीत, डोळे मात्र दिपतील. तुमच्या काचा काळ्या होतात त्या अतिनील किरणांमुळे. गॉगलची पॉलिकार्बोनेटची काच, रंग नसला तरी, ते किरण अडवते. आतल्या चष्म्यापर्यंत ते पोचतच नाहीत आणि चष्मा काळा होतच नाही. म्हणजे रंग गॉगललाच हवा.

रंगाची गडदता एस-० ते एस-४ अशा पाच वर्गांत मोजतात. एस-० मधून ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश आत येतो, एस-१ मधून ४३ ते ८०, एस-२ मधून १८ ते ४३, एस-३ मधून ८ ते १८ आणि एस-४ मधून ३ ते ८ टक्के. गुलमर्गला निरभ्र ऊन असेल तर एस-३. बर्फ पडत असेल किंवा ढग खाली उतरले असतील तर एस-१, शक्यतो पिवळ्या किंवा गुलाबी छटेचा. ढगाळ दिवशी बर्फावर सावल्याच पडत नाहीत, उंचवटा आणि खड्डा सारखाच पांढरा दिसतो. पिवळी-गुलाबी छटा निळसर प्रकाश कमी करते आणि जमिनीचे चढउतार थोडे उठून दिसतात. काच बदलता येणारा गॉगल आणि या दोन काचा, एवढी खरेदी पुरेशी आहे. एकच काच घ्यायची झाली तर एस-२. एस-४ घालून गाडी चालवायची नसते.

रंग बदलणारे गॉगलही मिळतात. त्यांच्याबद्दल एवढंच, की थंडीत ते जास्त काळे होतात आणि पुन्हा उजळायला वेळ लावतात. झाडांच्या सावलीत शिरल्यावर लगेच उजळतील, ही आशा नको.

गडद रंग म्हणजे संरक्षण, हा समज मात्र घातक आहे. रंगामुळे बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर जास्त किरण आत जातात. गॉगलवर यूव्ही ४०० (अतिनील किरण अडवतो याची खूण) आणि युरोपची सीई खूण, सोबत स्की-गॉगलच्या मानकाचा ईएन १७४ किंवा त्यानंतरचा ईएन आयएसओ १८५२७-१ हा क्रमांक बघा. उंचीमुळे दर १००० मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे, तिथल्या अफरवट डोंगरावरचं वरचं गोंडोला स्टेशन ३९०० च्या वर. शिवाय ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणजे खालूनही ऊन लागतं. टोपीच्या झापेचा तिथे उपयोग नाही.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीला उणे ३ चा चष्मा आहे. मनालीजवळच्या सोलंगला जाणार आहोत. दोन वर्षं पुरेल असा थोडा मोठा गॉगल घेऊ का? (सोलापूर)

उत्तर : फ्रॉक वाढत्या अंगाचा घ्यावा, गॉगल नाही. मोठा गॉगल गालावर फट ठेवतो आणि नाक दाबतो. नाक दाबलं की मूल तोंडाने श्वास घेतं आणि वाफ वाढते. लहान मुलांचा ओटीजी वेगळा मिळतो, तोच घ्या. तिच्या चष्म्याच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या आहेत का ते पावतीवर बघा, नसतील तर बदला. काड्यांऐवजी इलॅस्टिक पट्टा असलेली खेळाची फ्रेम मिळाली तर उत्तम, हेल्मेटखाली कानाला टोचत नाही. नंबर तपासून सहा महिने झाले असतील तर निघण्याआधी पुन्हा तपासा, या वयात तो भराभर सरकतो. जुना चष्मा टाकू नका, सामानात घ्या. मुलं ‘दिसत नाही’ असं सांगत नाहीत, ‘आता नको’ म्हणतात. ती अचानक कंटाळली तर आधी चष्म्यावर वाफ आहे का ते बघा.

प्रश्न : स्की दुबईला (मॉलमधल्या छपराखालच्या बर्फावर) दर महिन्याला जातो. आत ठीक असतं, पण बाहेर आल्यावर चष्मा आंधळा होतो. (दुबई)

उत्तर : हे उलट्या दिशेचं गणित आहे. आत उणे एक-दोन अंश, बाहेर उन्हाळ्यात चाळीसच्या आसपास आणि हवा दमट. गार काच त्या हवेत आली की तिच्यावर बाहेरून पाणी बसतं आणि कितीही पुसलं तरी काच कोमट होईपर्यंत बसतच राहतं. मॉलच्या एसीत दहा-पंधरा मिनिटं चष्मा डब्यात बंद ठेवा, मग बाहेर पडा. पार्किंगमध्ये येऊन लगेच गाडी सुरू करू नका. आत छपराखाली ऊन नसल्यामुळे गडद गॉगलची गरज नाही, पारदर्शक किंवा एस-१ घ्या.

प्रश्न : आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. ती स्की करणार नाही, फक्त गोंडोलाने वर येईल. तिला काय घ्यावं? (सातारा)

उत्तर : सर्जनने प्रवासाला होकार दिला असेल तर स्की-गॉगलची गरज नाही. चष्म्यावरून घालायचा, कडेनेही झाकणारा फिट-ओव्हर गॉगल घ्या, यूव्ही ४०० आणि एस-३ चा. ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवलेल्या बहुतेक लेन्समध्ये अतिनील किरण अडवायची सोय असते, पण बुबुळाची पुढची त्वचा आणि पापण्या उघड्याच असतात. नंबराचा काळा चष्मा करायचा असेल तर फार गोल वळलेली फ्रेम टाळा. साधारण उणे-अधिक चारच्या पुढच्या नंबराला त्या वळणामुळे कडेचं दिसणं वाकडं होतं.

प्रश्न : नव्वदच्या दशकात नंबर काढण्यासाठी आरके ऑपरेशन केलं होतं. उंचावर काही त्रास होतो का? (नागपूर)

उत्तर : होऊ शकतो, आणि हे आधी माहीत असलेलं बरं. आरकेमध्ये बुबुळावर ब्लेडने चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देत. विरळ हवेत प्राणवायू कमी पडला की छेदांची जागा सुजते, बुबुळाचा मध्य चपटा होतो आणि नंबर अधिककडे सरकतो. १९९६ साली एव्हरेस्टवर गेलेले अमेरिकन डॉक्टर बेक वेदर्स यांची नजर याच कारणाने वर जाताना अधू झाली होती. हा बदल उंचावर एक दिवस किंवा जास्त मुक्काम केल्यावर दिसतो. सकाळी गोंडोलाने जाऊन दुपारी खाली आलात तर सहसा जाणवत नाही. लेहसारख्या ३५०० मीटरवरच्या ठिकाणी राहणार असाल तर नेत्रतज्ज्ञाशी बोलून अधिक नंबराचे एक-दोन चष्मे बरोबर ठेवा. खाली आल्यावर नजर हळूहळू पूर्ववत होते. लेझरचं लॅसिक ऑपरेशन केलेल्यांना असा मोठा फरक सहसा पडत नाही, मात्र ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर पडण्या-आपटण्याचा खेळ केव्हा खेळायचा ते सर्जनला विचारा.

प्रश्न : गॉगलला वाफ धरत होती म्हणून दुपारभर काढून ठेवला. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, उजेड बघवेना. पुढच्या वेळी काय करू? (औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ते बर्फाचं ऊन लागणं होतं. बुबुळाची वरची त्वचा अतिनील किरणांनी भाजते. दुखणं लगेच नाही, सहा ते बारा तासांनी सुरू होतं, त्यामुळे उतारावर असताना काहीच कळत नाही. असं झालं तर कॉन्टॅक्ट लेन्स असतील त्या ताबडतोब काढा, डोळे चोळू नका, अंधाऱ्या खोलीत गार ओल्या कापडाची घडी डोळ्यांवर ठेवा, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स घाला आणि डॉक्टरांना दाखवा. बधिर करणारे ड्रॉप्स कुणी दिले तरी स्वतःहून घालू नका, त्याने जखम भरायची थांबते. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. तोवर पुन्हा बर्फावर जायचं नाही, लेन्सही लावायची नाही.

आणि पुढच्या वेळी गॉगलसोबत कडेने झाकणारा एक साधा उन्हाचा चष्मा, नंबर असेल तर नंबराचा, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. गॉगल वाफाळला की त्याला वाळू द्या, तोवर हा डोळ्यांवर ठेवा आणि सावकाश खाली या.